कार्लॉफ, कोयता आणि म्हातारा चार्ल्स : एका पत्रकाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

फेब्रुवारीच्या खेळाला 'थ्रिलर'मधला एक भाग लावायचा, असं आज ठरलं. आमचं सिनेमंडळ म्हणजे नगरच्या सावेडीतला आप्पांचा हॉल, एक उसना प्रोजेक्टर आणि महिन्यातून एकदा जमणारी माणसं. आजवर सिनेमेच दाखवले, टीव्हीवरचं पहिल्यांदाच. माझ्याकडे नेहमीप्रमाणे पत्रक आणि खेळाआधीचं बोलणं. डीटीपीचं दुकान स्वतःचं असलं की पत्रक कायम तुमच्याच गळ्यात पडतं. ए४ कागद, मधोमध घडी, चार पानं, एकच काळी शाई. एवढ्यात बसवायचं.

'थ्रिलर' ही अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरची मालिका. १९६० च्या सप्टेंबरात सुरू झाली, १९६२ च्या एप्रिलमध्ये संपली. एकूण ६७ भाग. दर भागाला नवी गोष्ट, नवे नट. जाहिराती धरून तासाभराचा खेळ. सूत्रधार मात्र एकच, बोरिस कार्लॉफ. 'फ्रँकेनस्टाईन'मधल्या त्या डोक्याला टाके घातलेल्या राक्षसामुळे सगळं जग त्याला ओळखत होतं. इथे तो सूट घालून येतो, गोष्टीला तोंड फोडतो, कोण कोण काम करतंय ते एकेकाचा चेहरा दाखवत सांगतो आणि बाजूला होतो. वय बहात्तर, आवाज मऊ. मला तर तो आवाजच जास्त घाबरवतो.

सुरुवातीचे भाग साध्या खूनबाजीचे होते आणि ते काही जमले नाहीत. विल्यम फ्राय हा निर्माता आला तशी मालिका भुताखेतांकडे वळली. आज तिचं नाव निघतं ते त्या भागांमुळेच.

आपला भाग 'हे-फोर्क अँड बिल-हुक', म्हणजे दाताळं आणि कोयता, ७ फेब्रुवारी १९६१ ला दाखवलेला. दिग्दर्शक हर्शेल डॉहर्टी, लेखक अ‍ॅलन कैलू. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर आपल्या तरुण बायकोला घेऊन वेल्समधल्या एका खेड्यात येतो. खून झालाय, हत्यारं शेतातली आहेत आणि गाव चेटकाचं बोलतंय. इन्स्पेक्टर केनेथ हेग, बायको ऑड्री डाल्टन. हा हेग साधा नट नव्हे. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात १९५६ साली 'लुक बॅक इन अँगर' हे नाटक आलं, तेव्हा त्यातला सतत चिडलेला नायक, पहिला जिमी पोर्टर, हाच. शेवट या वहीतही लिहीत नाही. वही हॉलमध्ये टेबलावर पडलेली असते आणि चाळणारे चाळतात.

१२ जानेवारी, रविवार

आप्पांनी विचारलं होतं, "अगं, पण नगरच्या माणसांनी हे का बघायचं?" विचारण्यात खोच होतीच. पण त्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते पत्रकाच्या पहिल्या पानावर जाणार.

कार्लॉफ हे रंगमंचावरचं नाव. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनच्या कॅम्बरवेलमधला, १८८७ चा. घराण्याची मुळं मात्र हिंदुस्थानात. आई एलायझा सारा मिलार्ड. तिच्या आईची सख्खी धाकटी बहीण अ‍ॅना. ही अ‍ॅना १८३१ साली जन्मली ती आपल्या अहमदनगरला. बाप थॉमस एडवर्ड्स, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत सॅपर्स अँड मायनर्सचा, म्हणजे खंदक-सुरुंगांचं काम करणाऱ्या पलटणीचा, सार्जंट. मुलगी जन्मण्याआधीच वारला. हीच अ‍ॅना लिओनोवेन्स पुढे १८६२ मध्ये सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेली, राजा मोंगकुटच्या मुलांना आणि राण्यांना शिकवायला. तिच्यावर पुढे नाटकं झाली, सिनेमे झाले.

म्हणजे कार्लॉफच्या आजीची बहीण नगरची. एवढ्यावर आप्पा खूश झाले असते. पण गंमत पुढे आहे. अ‍ॅनाने आयुष्यभर जगाला सांगितलं की आपला जन्म १८३४ चा आणि तोही वेल्समधल्या कार्नार्व्हनचा. गोरा फौजी बाप, आईच्या अंगात थोडं हिंदुस्थानी रक्त आणि लहानपण छावणीच्या बराकीतलं. एवढं त्या काळी कळलं असतं तर पुढची दारं बंदच झाली असती. तिने नगर पुसलं आणि तिथे वेल्स लिहिलं. हे उघडकीला आलं १९७० च्या दशकात. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाचा संशोधक, मूळचा जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा अभ्यासक, तिच्या मुलाची जन्मनोंद शोधत बसला होता. ती लंडनला सापडेना, तेव्हा एकेक धागा उसवत गेला.

कार्लॉफनेही घरची हिंदुस्थानी बाजू कधी फारशी बोलून दाखवली नाही. आता बघा: नगरला जन्मलेली बाई गाव सांगते वेल्सचं आणि तिच्या बहिणीचा नातू सव्वाशेएक वर्षांनी आपल्याला ज्या वेल्समध्ये नेतो, ते कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभं केलेलं. आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आता मोठ्या टायपात लाव हे." गावाचं नाव अहमदनगर छापायचं की अहिल्यानगर, यावर मग वीस मिनिटं गेली. जन्माच्या वर्षाशेजारी जुनं, हॉलच्या पत्त्यात नवं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दुकान अर्धा दिवस.

डिस्क न्यू जर्सीच्या भाच्याकडून आली. २०१० साली अमेरिकेत अख्खी मालिका चौदा डिस्कच्या संचात निघाली, त्यातली. आपल्याकडचा प्लेअर ती वाचत नाही, रिजन १ ची आहे, म्हणजे अमेरिकेकडच्या प्लेअरपुरती. बाहेरचा ड्राइव्ह लॅपटॉपला लावून त्याचा रिजन बदलून घेतला. असं पाचदाच करता येतं, नंतर कायमचं कुलूप. ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवली: "हात लावू नये."

भाग एकदा सलग बघितला, वही न घेता. संगीत जेरी गोल्डस्मिथचं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा, ऑस्करबिस्कर फार पुढे, १९७६ च्या 'द ओमेन'ला. या भागाचं संगीत अलीकडे प्रागच्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेऊन ध्वनिमुद्रित केलंय. टीव्हीच्या एका भागासाठी आठवड्याच्या घाईत लिहिलेलं संगीत साठएक वर्षांनी कुणी पुन्हा वाजवतं, यात काय ते आलं.

१८ जानेवारी, शनिवार

आज मूळ प्रकरण. रात्री उशिरापर्यंत हेच.

हा भाग एका खऱ्या खुनावरून सुचलाय आणि तो खून वेल्समधला नाही. तो इंग्लंडातला, वॉरिकशायर परगण्यातला, शेक्सपियरच्या स्ट्रॅटफर्डपासून काही मैलांवर. गाव लोअर क्विंटन, शेजारी मेऑन हिल नावाची टेकडी. १४ फेब्रुवारी १९४५. युद्ध संपत आलेलं. त्या वर्षी अ‍ॅश वेन्सडे, म्हणजे ख्रिस्ती उपासाचा पहिला दिवस, याच तारखेला आला होता. (पुढे या योगायोगाचंही भांडवल झालं.)

मेला तो चार्ल्स वॉल्टन, वय ७४. शेतमजूर. सांधेदुखीने वाकलेला, काठी टेकत चालणारा. गवताच्या छपराच्या घरात पुतणीबरोबर राहायचा. त्या सकाळी तो एका शेतकऱ्याच्या बांधावरचं कुंपण छाटायला टेकडीच्या उतारावर गेला. इंग्लंडात बांधाला काटेरी झुडपांचं जिवंत कुंपण असतं, हिवाळ्यात ते छाटावं लागतं. हातात लांब दांड्याचा कोयता आणि छाटलेल्या फांद्या ओढायला दोन दातांचं दाताळं. दुपारी चारच्या सुमाराला घरी यायचा, त्या दिवशी आला नाही. पुतणी कामावरून सहाला परतली, घर रिकामं. शेजाऱ्याला बरोबर घेतलं, मालक शेतकऱ्याला उठवलं, टॉर्च घेऊन तिघं निघाले. कुंपणाच्या कडेला तो सापडला. आधी त्याच्याच काठीने मारलं होतं, मग त्याच्याच कोयत्याने गळ्यावर वार केले होते. दाताळ्याचे दोन दात मानेच्या दोन बाजूंनी जमिनीत रुतवलेले होते.

हे वाचून उठले आणि पाणी प्यायले. पत्रकात यातलं किती घालायचं? दाताळं हवंच, भागाच्या नावात ते आहे. बाकीचं एका वाक्यात.

स्कॉटलंड यार्डकडून आला रॉबर्ट फेबियन, त्या काळातला सगळ्यात गाजलेला गुप्तहेर. सैन्याच्या अभियंत्यांनी सुरुंग शोधायची यंत्रं घेऊन शेत पालथं घातलं, कारण म्हाताऱ्याचं खिशातलं टिनचं घड्याळ गायब होतं. जवळच इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. तिथे चौकशीसाठी इटालियन येणारा अधिकारी आणवला. काही निघालं नाही. आजही तपास कागदावर उघडाच आहे.

१९ जानेवारी, रविवार

मग यात चेटूक आलं कुठून? पत्रकाचं मधलं पान या प्रश्नाला द्यायचं. मला यातला सगळ्यात बघण्याजोगा भाग हाच वाटतो.

पहिली गोष्ट जुनी, खरी आणि शेजारचीच. १८७५ साली लाँग कॉम्प्टन गावात अ‍ॅन टेनंट नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाईला जेम्स हेवुड नावाच्या मजुराने दाताळ्याने भोसकलं. ती चेटकीण आहे, गावात अशा आणखी आहेत, असं तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. वेडा ठरवून त्याला ब्रॉडमूरच्या वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळात ठेवलं. या खुनात चेटकाचा संशय नक्की होता. पण तो खून सत्तर वर्षं आधीचा, दुसऱ्या गावातला आणि मारणारा सापडलेला.

दुसरी गोष्ट एका पाद्र्याची. १९३० च्या सुमाराला जे. हार्वे ब्लूम याने त्या भागातल्या लोककथांचं पुस्तक काढलं. त्यात १८८५ सालचा एक नांगऱ्या पोरगा आहे. त्याला लागोपाठ नऊ संध्याकाळी काळा कुत्रा दिसतो, शेवटच्या दिवशी कुत्र्याबरोबर बिनडोक्याची बाई आणि दुसऱ्या दिवशी बहीण मेल्याचा निरोप. पोराचं नाव चार्ल्स वॉल्टन. वय हिशेबात बसतं, पण तो हाच वॉल्टन होता याला पुरावा काहीच नाही. नाव जुळलं म्हणून माणूस जुळवला. स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने हे पुस्तक फेबियनला दाखवलं म्हणतात.

तिसरा हात मार्गारेट मरे यांचा. इजिप्तच्या नामांकित अभ्यासक, जन्म कलकत्त्याचा. ख्रिस्ती धर्माआधीचा एक गुप्त पंथ युरोपभर टिकून होता आणि चेटकिणी म्हणून जाळल्या-टांगल्या गेल्या त्या त्याच पंथाच्या, असा त्यांचा सिद्धान्त. इतिहासकारांनी तो कधीच मोडीत काढला, पण वर्तमानपत्रांचं पोट त्यावर अनेक वर्षं भरलं. बाई ऐंशी उलटल्यावर क्विंटनला जाऊन आल्या आणि हा बळीचा प्रकार असावा असं म्हणाल्या. विदुषीच्या तोंडून आलं म्हटल्यावर मथळे झाले.

चौथा खुद्द फेबियन. १९४५ च्या त्याच्या सरकारी अहवालात चेटकाला जागा नाही. १९५० ला आठवणींचं पुस्तक आलं त्यात टेकडीवरून धावणारा काळा कुत्रा आला. १९५४ पासून बीबीसीवर त्याच्या नावाची मालिका सुरू झाली. १९७० च्या पुस्तकात तर तो वाचकांना काळ्या जादूपासून लांब राहायचा इशारा देतो आणि दाखला म्हणून वॉल्टनचं मरण सांगतो. दर खेपेला थोडी फोडणी वाढत गेलेली.

म्हाताऱ्याच्या छातीवर क्रूस कोरला होता, हे आज इंटरनेटवर पदोपदी सापडतं. शवविच्छेदनात ते नाही. पत्रकात हे ठळक छापणार.

२२ जानेवारी, बुधवार

दुकानात लग्नपत्रिकांची गर्दी. पत्रकाला हात लावला नाही. एकच नोंद करून ठेवते: ते टिनचं घड्याळ १९६० साली सापडलं. वॉल्टनच्या जुन्या घरामागचं छपराचं बांधकाम पाडताना, मागच्या अंगणात. १९४५ ला पोलिसांनी जागा धुंडाळली होती म्हणतात. आणि आपला भाग दाखवला गेला १९६१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या आत. लेखकाने ती बातमी वाचली होती की नाही, त्यावर मी काही लिहिणार नाही. दोन तारखा शेजारी शेजारी छापीन, वाचणारा काय ते समजेल.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून ताई दुकानात आल्या. ताई म्हणजे आमच्या निवृत्त विज्ञान शिक्षिका, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गेली कित्येक वर्षं. कच्चं प्रूफ वाचलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "चेटकीण खरी निघते का गं यात?"

म्हटलं, शेवट सांगणार नाही.

"मग मीही पत्रकात चार ओळी लिहिणार," म्हणाल्या. त्यांनी आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची पुढे ठेवली. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला, त्यानंतर त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. अनुसूचीत एक कलम आहे: अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्राने दुभत्या जनावराचं दूध आटवते, असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा गुन्हा. जनावर आणि दूध कायद्यात लिहावं लागलं, कारण सातपुड्यात डाकीण म्हणून बाईला मारतात तेव्हा कारणं तीच असतात. गाय आटली, पोरगं आजारी पडलं, पीक गेलं. क्विंटनमध्येही खुनाच्या आदल्या दिवशी त्या शेतकऱ्याची एक कालवड चरात पडून मेली होती. पुढे तीही म्हाताऱ्याच्या खात्यावर टाकली गेली.

इंग्लंडचा कायदा मात्र उलट्या बाजूने चालला होता, हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनाही ते नवीन होतं. तिथे १७३५ चा चेटूक कायदा १९४५ मध्ये चालूच होता. तो चेटूक करणाऱ्याला पकडत नसे. आपल्याला चेटूक येतं, आत्मे बोलवता येतात असं भासवणाऱ्याला पकडत असे. म्हणजे चेटूक नसतंच, हे गृहीत. त्याच कायद्याखाली १९४४ साली हेलन डंकन या आत्मे बोलावणाऱ्या बाईला लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात नऊ महिन्यांची शिक्षा झाली. कायदा रद्द झाला १९५१ ला. सरकारने दोनशे वर्षांपूर्वी मोडीत काढलेलं चेटूक वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने पुन्हा कामाला लावलं.

ताईंच्या चार ओळी चौथ्या पानावर. चहा दुसऱ्यांदा मागवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

लेखकाबद्दल एक परिच्छेद हवा होता आणि तो बराच भरला.

अ‍ॅलन कैलू हे टोपणनाव, खरं नाव अ‍ॅलन लाइल-स्माइद, इंग्रज. युद्धाआधी पॅलेस्टाईन पोलिसात. युद्धात गुप्तवार्ता विभागात, उत्तर आफ्रिकेत पकडला गेला, इटलीच्या कैदेत राहिला, तिथून निसटला. मग कादंबऱ्या, मग हॉलिवूड, नट म्हणूनही आणि लेखक म्हणूनही. म्हणजे कोयत्याच्या खुनाची ही पोलिसी गोष्ट लिहिणारा स्वतः पोलीस होता.

याच माणसाने 'थ्रिलर'साठीच 'ला स्त्रेगा', म्हणजे चेटकीण, लिहिला. तो वर्षभराने, १५ जानेवारी १९६२ ला दाखवला गेला. इटलीतली गोष्ट. गावकरी एका पोरीला चेटकीण म्हणून बुडवायला निघालेत, तरुण चित्रकार तिला वाचवतो आणि तिची आजी त्याच्या मागे लागते. दिग्दर्शन आयडा लुपिनोचं. पोरगी अर्सुला अँड्रेस, 'डॉ. नो' हा बाँडपट येऊन ती जगभर गाजण्याच्या काही महिने आधीची. आजी जेनेट नोलन. आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या भूमिकेत रामोन नोव्हारो, म्हणजे १९२५ च्या मूकपटातला बेन-हर. बघायला 'ला स्त्रेगा' सरस आहे, हे मान्य. नोलन पडद्यावर आली की समोरच्याला श्वास घ्यायचं सुचत नाही.

तरी फेब्रुवारीला मी तो लावणार नाही, यावर आज प्रोजेक्टरवाल्या मित्राशी वाजलं. 'ला स्त्रेगा'ची गोष्ट चालते ती आजी खरंच चेटकीण असल्यामुळे. तसं असलं की पोरीला पाण्यात ढकलणारे खुनी राहत नाहीत, दूरदृष्टीचे ठरतात. आणि ज्याने दया दाखवली तो फसलेला बावळट. भयकथेचा हा नियमच आहे म्हणा, संशय खरा निघाल्याशिवाय घाबरायचं कशाला. पण आधी कोयत्याचा भाग आणि वॉल्टनची हकीकत समोर ठेवली, तर मग 'ला स्त्रेगा' बघताना लोक त्या पाण्याच्या प्रसंगाला वेगळ्या नजरेने बघतील. क्रम महत्त्वाचा. मित्र म्हणाला, "तू शिक्षिका व्हायला हवी होतीस." बोलला ते कौतुकाने नव्हे.

५ फेब्रुवारी, बुधवार

पोस्टर. पहिल्या आराखड्यात मोठा कोयता होता, काळ्यावर पांढरा. आप्पांनी तो बघताच हात जोडले. पेपरात रोज कोयता गँगच्या बातम्या येतायत आणि तू हॉलच्या दारावर कोयता लावतेस, उद्या चौकीतून फोन येईल. बरोबर आहे. आणि आमच्याकडे कोयता म्हटलं की आधी डोळ्यांसमोर ऊसतोडीची टोळी येते, वेल्सची टेकडी नव्हे. कोयता काढला. आता नुसतं दाताळं, तेही आडवं, खाली तारीख आणि वेळ. दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, हा काटा-चमचा आहे का?" दात लांब केले.

पानांचं मॅटर लागलं. पान १: कार्लॉफ आणि नगर. पानं २-३: उघडल्यावर डावीकडे टेकडी आणि म्हातारा, उजवीकडे कोणी कधी काय जोडलं त्याची वर्षवार चौकट. पान ४: कैलू, ताईंच्या ओळी, श्रेय. चौकटीत १९६१ ची ओळ आली तेव्हा लक्षात आलं की तिथे वॉल्टनचं नाव उरलेलंच नाही. गाव वेल्सचं, नावं वेगळी, इन्स्पेक्टरला तरणी बायको. १८७५ ची अ‍ॅन टेनंट, १८८५ चा कुत्रा, १९४५ चा फेबियन, सगळ्यांचं काही ना काही गोष्टीत मुरलंय. सांधेदुखीचा मजूर तेवढा गाळला गेला. म्हणून डाव्या पानावरचा मजकूर वाढवला आणि कार्लॉफच्या पानातून दहा ओळी कापल्या. आप्पा कुरकुरणार.

९ फेब्रुवारी, रविवार

हॉलवर तालीम. चित्र जुन्या टीव्हीच्या आकाराचं, जवळजवळ चौकोनी. प्रोजेक्टर ते ताणून पडदाभर करत होता आणि ऑड्री डाल्टनचा चेहरा पुरीसारखा फुगला. सेटिंगमध्ये जाऊन ४:३ केलं. दोन्ही बाजूंना काळं राहतं, राहू दे. रंगाचा मोडही बदलला, नाहीतर कृष्णधवल चित्र निळसर दिसतं आणि धुकं फिनाइल टाकल्यासारखं.

इंग्रजी बोली सगळ्यांना झेपायची नाही. उपाय मालिकेनेच देऊन ठेवलाय. जाहिरातींसाठी जिथे जिथे चित्र काळं होतं, तिथे थांबवायचं, आधीचं काय झालं ते मराठीत मिनिटभरात सांगायचं, पुन्हा सुरू. प्रत्येक काळोखाआधी लेखकाने लोकांना खिळवून ठेवायची सोय केलीच आहे, तेव्हा थांबल्याने रस तुटत नाही. उलट मागच्या खुर्चीवरची दोन पोरं "पुढे काय, पुढे काय" करत होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

छापून झालं. घडी हाताने घातली, क्रीझ मारायला वेळ नव्हता. एका ओळीत 'मेऑन'चा रफार वाटावा असा डाग आलाय, तो प्लेटवरचा. चालेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल खेळ झाला. वॉल्टनच्या मरणाला परवा बरोबर ऐंशी वर्षं झाली, हे बोलताना सांगितलं. पत्रकं उरली नाहीत.

नगर-वेल्स प्रकरणाला टाळ्या पडल्या, हे अपेक्षितच. केनेथ हेग लोकांना आवडला नाही, "सारखा चिडलेला का असतो?" असं दोघांनी विचारलं. त्याने नाव कमावलं ते चिडण्यावरच, असं सांगावं लागलं. शेवटावर मतं दुभंगली. शेवट इथे लिहीत नाही, कारण मे महिन्यात भिंगारला हाच खेळ परत लावायचं घाटतंय.

चर्चेत सगळ्यात उपयोगाचं बोलले ते वाळकीकडून आलेले एक काका. शेतकरी, पहिल्यांदाच आलेले. कार्लॉफशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पत्रकाचं डावं पान बोटाने दाखवून म्हणाले, "काठी त्याची, कोयता त्याचा, दाताळं त्याचं. मारणाऱ्यानं बरोबर काय आणलं?" कुणीच बोललं नाही. "काहीच नाही आणलं. बळी द्यायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येतो व्हय? ह्यो बांधावरचा राग हाय. पैशापायी नाहीतर बोलण्यावरनं."

ताई खुर्चीतून उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. मग दोघांचं जे सुरू झालं ते हॉल बंद करेपर्यंत. कालवड कशाने मेली असेल, ओल्या चाऱ्याने पोट फुगतं का, गाव एखाद्याच्या नावाने बोलायला लागतं ते नेमकं कोणत्या महिन्यात. काकांच्या मते पावसाने ओढ दिली की. ताईंच्या मते दवाखान्याचं बिल आलं की.

पुढच्या आवृत्तीसाठी: चौकटीच्या वर, सगळ्यात आधी, हत्यारं कुणाची होती ही ओळ घालायची. 'ला स्त्रेगा' एप्रिलला, प्रस्तावना ताई करतील, काकांना बसभाडं आणि जेवण मंडळातर्फे. डिस्क भाच्याला मेमध्ये परत. ड्राइव्हवरची चिठ्ठी कुणीतरी काढलीय, नवी चिकटवणे.